कुंड्या भरायचा दिवस

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात थंडी फार दिवस टिकत नाही. माघ निम्मा सरतो न सरतो तोच दुपारचं ऊन अंगावर यायला लागतं आणि ज्यांच्या दारात चार कुंड्या आहेत त्यांची कामं एकदम निघतात. गुलाब छाटायचे, मोगऱ्याची जुनी पानं खुडायची, शेवंतीचे फुटवे वेगळे करायचे, वर्षभरात दबून विटेसारखी झालेली माती कुंडीतून काढून मोकळी करायची. हे सगळं शिवरात्रीच्या आत उरकावं लागतं. पुढे ऊन एवढं तापतं की हलवलेलं रोप मूळ धरत नाही.

आमची माती काळी. ओली झाली की चिखल, वाळली की दगड. ती ढेकळं फोडून चाळायची, तिच्यात वाळू, कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळायची, तेव्हा कुठे ती कुंडीत घालण्याजोगी होते. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मागांखाली पडणारा सुताचा कचरा पोत्यात भरून घरी आणतो आणि कुंड्यांत मातीवर पसरतो. आमच्या भागात नळ चार दिवसांआड येतो, कधी पाच. त्या कचऱ्यानं ओल टिकते. गल्लीत मला झाडांचं कळतं असं समजतात, आणि मलाही ते आवडत असे.

कंपोस्ट घरचंच. त्यात भाज्यांच्या देठांपेक्षा जास्त भर असते ती पूजेच्या फुलांची. आम्ही लिंगायत. आईला आमच्यात अव्वा म्हणतात. अव्वाच्या गळ्यात तिला लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग असतं. मोठ्या सुपारीएवढं, आत दगड आणि वर काळा गुळगुळीत लेप, पांढऱ्या कापडात गुंडाळून चांदीच्या डबीत ठेवलेलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ती ते डाव्या तळहातावर घेते, पाणी घालते, विभूती लावते, फुलं आणि बेल वाहते आणि डोळे मिटून बसते. त्यानंतर पहिला पाण्याचा घोट. लिंग अंगावर नसेल तर अन्न नाही आणि पाणीही नाही. हरवलं तर सापडेपर्यंत नाही, किंवा स्वामी, म्हणजे आमच्या घराण्याचे गुरू, विधी करून दुसरं देत नाहीत तोपर्यंत नाही. आता हे इतकं कडक कुणी पाळत नाही. अव्वा पाळायची.

माझंही लिंग आहे. ते देवघरातल्या डबीत असतं. कारखान्यात घामानं गळ्याला चट्टे उठायचे म्हणून काढून ठेवलं, ते राहिलंच. अव्वा त्यावरून मला कधी बोलली नाही.

तिला साखरेचा आजार आहे. सकाळी माझी बायको तिला इन्सुलिनची सुई देते, मग अव्वा पूजेला बसते आणि पूजा झाली की लगेच दूध-भाकरी. सुई पोटावर टोचतात, पोटात काही जात नाही, म्हणून ती पूजेआधी चालते, हा अव्वाचाच निकाल. त्यात तडजोड एवढीच की पूजा लांबवायची नाही.

गेल्या वर्षापासून तिचा डावा हात थरथरायला लागला. म्हणून फुलं वाहून झाली की ती लिंग हातावरून उतरवून समोरच्या तबकात, फुलांवरच ठेवायची, वरून बेल घालायची आणि मग जप करायची. हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. मी स्वतः कितीदा पाहिलं होतं.

तो रविवार होता आणि पाण्याचा दिवस होता. नळ यायच्या आत सगळ्या कुंड्या भरून तयार ठेवायच्या आणि नळाच्या ताज्या पाण्यानं त्यांना पहिलं पाणी द्यायचं, असं मी ठरवलं होतं. उजाडल्याबरोबर अंगणात प्लॅस्टिकचा कागद अंथरला. कुंड्या आडव्या करून, कडेला थोपटून रोपं मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढली, मुळांची गुंतवळ कात्रीनं छाटली आणि रोपं सावलीत ओल्या पोत्यावर ओळीनं मांडली. जुनी माती चाळली. कंपोस्टची टाकी उपसली. सगळं मिसळून कमरेएवढा ढीग झाला. बायको दोनदा चहाला बोलावून गेली. दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो.

ढीग थोडा कोरडा वाटत होता. ओली फुलं घातली तर बरं, असं मनात आलं आणि मी तसाच आत गेलो.

अव्वा देवघरासमोर पाटावर बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. गुडघ्यापाशी तबक. झेंडू, गोकर्ण, वर बेलाची पानं. पूजा झाली असं मला वाटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, तबकाकडे पाहिलं. मातीच्या हातानं ते उचललं, बाहेर येऊन ढिगावर उपडं केलं, फावड्यानं ढीग खालीवर केला आणि रिकामं तबक होतं तिथे नेऊन ठेवलं. तेव्हाही तिचे डोळे मिटलेलेच होते.

मग मी कुंड्या भरायला बसलो. हात भराभर चालत होता. शेजारच्या बाईंनी भिंतीवरून डोकावून झेंडूसाठी घमेलंभर माती मागितली. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, एकेकाळी त्यांच्या घरात माग होते, आणि आमच्या कारखान्यातला सुताचा कचरा पाहून त्या दर वेळी टोमणा मारतात. त्या दिवशीही म्हणाल्या, "भाऊ, कपाशी पिकवून टाका एकदाची, कारखान्याला जायला नको." मी हसून त्यांना घमेलं भरून दिलं.

बायको दारात आली. "अहो, अत्ती बोलावतायत." सासूला आमच्यात अत्ती म्हणतात.

मी हातातली कुंडी भरून झाल्यावर येतो म्हणालो. ती म्हणाली, आत्ता या.

अव्वा तशीच बसली होती. एक हात रिकाम्या तबकावर.

"लिंग कुटं हाय?"

गळ्यात असेल, मी म्हणालो. तिनं डबी उघडून माझ्यापुढे धरली. आत नुसतं कापड होतं.

"फुलावर ठेवलं होतं. तूच नेलंस की, तबकाला माती हाय."

मी मागे वळून दाराबाहेर पाहिलं. काळ्या मातीचा ढीग, निम्मा संपलेला. भरलेल्या कुंड्यांची रांग. चाळणीतून न गेलेल्या ढेकळांचा कुंपणाशी फेकलेला ढिगारा. आणि भिंतीपलीकडे गेलेलं एक घमेलं. त्या सगळ्यात एक काळा खडा. आमच्या मातीचं ढेकूळही तसंच दिसतं.

बायकोच्या हातात दुधाचा पेला होता. मग माझ्या लक्षात आलं की सुई देऊन झालेली आहे.

इन्सुलिन अंगात गेलं की ते वाट पाहत नाही. पोटात अन्न असो नसो, ते रक्तातली साखर उतरवत राहतं. आधी घाम सुटतो, मग हातपाय कापतात, मग माणूस भलतंच बोलायला लागतो, मग शुद्ध जाते. एकदा आमच्याकडे थोडक्यात निभावलं होतं, त्यामुळे आम्हा दोघांना हे पाठ होतं. बायकोनं पेला अव्वापुढे धरला. आधी दोन घोट घ्या, मग सगळे मिळून शोधू, म्हणाली.

"ब्याड," अव्वा म्हणाली. नको म्हणायचं असलं की ती कानडीतच म्हणते.

मी पायाशी बसून तिला समजावू लागलो. काय काय बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. आजारी माणसाला नेम नसतो म्हणालो. दूध हे अन्न नाही, औषध आहे म्हणालो. देव असा उपाशी मारणारा नसतो म्हणालो. ती ऐकत राहिली. मग घरातली एखादी वस्तू कुठे आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं. तुझं डबीत हाय."

बायकोनं आमच्या स्वामींना फोन लावला. ते अक्कलकोटच्या बाजूला कुठल्या तरी लग्नात होते. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी फोन अव्वाजवळ न्यायला सांगितलं आणि मोठ्यानं म्हणाले, माझी आज्ञा आहे, दूध घ्या, मी संध्याकाळपर्यंत येतो, दोष लागला तर मला लागू दे. अव्वानं डोक्यावरचा पदर नीट केला. फोनला हात जोडले. "व्हय स्वामी," म्हणाली. फोन बंद झाल्यावर बायकोनं पेला पुढे केला तर तिनं तो हळूच बाजूला सारला.

"त्यांचं मन मोठं हाय. त्यांनी सोडलं. नेम माझा हाय की."

मग तिनं मला जवळ बोलावलं. "एक ऐक. मला चक्कर आली, शुद्ध गेली, काय बी झालं, तरी माझ्या तोंडात काही घालायचं न्हाय. हो म्हण."

"अव्वा, असं कसं..."

"हो म्हण आन् जा. शोध."

मी हो म्हणालो. खरंच पाळेन असं मनात नव्हतं आणि मोडेन असंही नव्हतं. मला फक्त बाहेर जाऊन शोधायचं होतं.

ढिगात मी दोन्ही हात घातले. माती मुठीत घ्यायची, बोटांनी दाबायची, कठीण लागलं तर पाहायचं. दर मुठीत काहीतरी कठीण लागायचं. खडा, शिंपला, खापरीचा तुकडा, निंबोणीची बी. उरलेला ढीग पुन्हा चाळणीवर घातला. चाळणीवर राहिलेलं एकेक पाहिलं आणि मागे कुंपणाशी टाकलं. मग कुंड्या घेतल्या. मघाशी भरलेली पहिली कुंडी आडवी केली, थोपटली, रोप बाहेर काढलं.

अव्वानं स्वतःच बाहेर व्हरांड्यातल्या खाटेवर येऊन बसायचं म्हटलं. बायकोनं तिला आणून बसवलं. तिथून तिला मी दिसत होतो. बायकोनं तिचं बोट टोचून साखर पाहिली आणि यंत्रावरचा आकडा मला दाखवला. तो उतरायला लागला होता.

भिंतीवरून शेजारच्या बाईंनी विचारलं, भरलेल्या कुंड्या परत कशाला उपसताय, मातीत सोनंबिनं सापडलं का? बायकोनं त्यांना सांगितलं. त्या चटकन आत गेल्या आणि मग त्यांच्या गच्चीवरून कुंडी उलटल्याचा आवाज आला.

बायको माझ्याजवळ येऊन म्हणाली, "असं एकेक मूठ किती वेळ बघणार? पिंपात अजून पाणी आहे. सगळ्यावर मारा. माती विरघळेल, दगड राहील."

मी नको म्हणालो. लिंगावर लेप असतो, तो पाण्यानं जाईल म्हणालो.

"रोज पाण्यानंच तर धुतात की हो त्या."

"थांब जरा तू," मी म्हणालो.

आता हे लिहिताना मला कुणापुढे चांगलं दिसायचं नाही, म्हणून खरं कारण लिहितो. काळ्या मातीवर एकदम पाणी मारलं की तिचा राडा होतो. मग ती वाळायला दिवस लागतात, वाळली की पुन्हा दगड होते, आणि इतका खपून केलेला ढीग वाया जातो. रोपं पोत्यावर उघडी पडली होती, मुळं छाटलेली, ऊन वर येत होतं. माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात हे सगळं चालू होतं. आई खाटेवर बसून मला पाहत होती, तिची साखर उतरत होती, आणि मी एकेक रोप बुंध्याशी दोन बोटांत धरून, मुळं तुटू नयेत म्हणून हलक्या हातानं काढत होतो आणि सावलीत ठेवत होतो. ते बायकोनं पाहिलं. ती पुन्हा अव्वाजवळ जाऊन बसली.

शेजारच्या बाईंनी वरून सांगितलं, "भाऊ, माझ्यात न्हाय. दोनदा बघितलं. तुमचं झालं का?"

माझं झालं नव्हतं.

अव्वाच्या कपाळावर घाम दिसायला लागला. माघातली सकाळ, व्हरांड्यात सावली, आणि तिच्या चोळीची पाठ भिजलेली. बायकोनं पदरानं पुसलं. थोड्या वेळानं अव्वाचे हात कापायला लागले, आधी डावा, तो कापतोच, मग उजवाही. मी लांबूनच ओरडून विचारलं, अव्वा, कसं वाटतंय? ती हसली. कानडीत विचारलं, पाणी आलं का? मी म्हणालो, अजून नाही. तिनं पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाली, भावाला सांग, बैल आधी पाजून घे, आपण मग भरू. तिचा भाऊ जाऊन कैक वर्षं झाली.

बायकोनं सात रस्त्याजवळच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. गूळ, साखर, मध, घरात असेल ते गालात चोळा, आत्ता, माझ्याशी बोलत बसू नका, मग रिक्षात घालून आणा, म्हणाले. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अव्वाला दिलेलं वचन तिला माहीत होतं. समोरच तर दिलं होतं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी घालते. पण तुम्ही सांगा."

मी उठलो. कुंडी हातातून सुटून फुटली. तिला म्हणालो, गूळ आण. ती आत धावली. मी अव्वाच्या शेजारी खाटेवर बसलो, तिची मान माझ्या दंडावर घेतली. तिचे डोळे अर्धे उघडे होते. बायकोनं वाटीत गूळ चेचून, थोडं पाणी घालून आणला होता. हात धुवायला वेळ नव्हता, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. मी वाटीत बोट बुडवून तिच्या ओठांवर नेलं. माझ्या नखांत माती होती.

तिनं दात घट्ट आवळले. शुद्ध जवळजवळ नव्हती, तरी आवळले. मी तिच्या हनुवटीवर अंगठा दाबला, लहान मुलाला औषध पाजताना दाबतात तसा, आणि बोट गालात सारलं. ती चावली. मी बोट काढलं नाही. पुन्हा वाटीत बुडवलं, पुन्हा सारलं. ती मान हलवत राहिली, मी धरून राहिलो. तिचं डोकं किती हलकं होतं.

मग तिचा जबडा सैल पडला. जीभ हलली. तिनं माझं बोट चोखलं. डोळे मिटलेलेच, आणि चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. गोड खायला मिळालेल्या पोरीसारखं. तिनं कापणारा उजवा हात उचलला, वाटीकडे केला आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "आनखी दे."

मी दिलं. वाटी संपेपर्यंत देत राहिलो. बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

तेवढ्यात नळ आला. अंगणातल्या नळातून हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग धार. रिक्षा बोलवायला मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. बायकोनं मला न विचारता नळी लावली आणि पाणी सोडलं. ढिगावर आणि कुंड्यांवर नाही. कुंपणाशी मी फेकलेल्या ढेकळांवर. ती का तिकडे वळली हे तिलाही सांगता येत नाही. म्हणाली, सगळीकडे तुम्ही बघितलं होतं, तिथं तुम्ही फक्त टाकत होता.

मी रिक्षा घेऊन आलो तेव्हा ती चिखलात गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या ओंजळीत लिंग होतं. आजूबाजूची ढेकळं विरघळून सपाट झाली होती. लिंगावर बेलाचं एक पान चिकटलेलं होतं.

म्हणजे ते माझ्या हातातून गेलं होतं. पहिल्यांदा कुंड्या भरताना, किंवा नंतर शोधतानाच. मी ते ढिगातून किंवा चाळणीवरून उचललं, बोटांत दाबलं, ढेकूळ म्हणून मागे फेकलं. आणि बायको म्हणाली तेव्हाच पिंपातलं पाणी मारलं असतं, तर ते अव्वा शुद्धीत असताना सापडलं असतं. तिनं हात पुढे करून घेतलं असतं, दूध प्यायली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या. हा हिशेब मी रोज करतो आणि तो रोज तेवढाच येतो.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. दुपारी घरी आणलं. संध्याकाळी स्वामी आले. त्यांनी लिंगाला पंचामृतानं अभिषेक केला, मंत्र म्हटले, नव्या कापडात बांधून तिच्या गळ्यात घातलं. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की शुद्ध नसताना जे झालं त्याचा दोष नसतो. ती व्हय व्हय म्हणत होती. जाताना स्वामी मला अंगणात म्हणाले, लेकरा, तू केलंस ते बरोबर केलंस. त्यांच्या पायाशी उलटलेल्या कुंड्या आणि चिखल होता.

स्वामी गेल्यावर अव्वानं मला बोलावलं. बायको शेजारी उशी नीट करत होती.

"मला एक सांग. मी मागून खाल्लं का?"

मी तिच्याकडे पाहत म्हणालो, "न्हाय अव्वा. तू तोंड उघडलं नाहीस. मीच कोंबलं. चावलीस मला, हे बघ." मी तिला बोट दाखवलं. त्यावर दातांची खूण होती.

तिनं बोट हातात घेऊन बघितलं. बायको उशी तशीच टाकून स्वयंपाकघरात निघून गेली.

रोपं रात्रभर पोत्यावर पडून होती. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर बायकोनं आणि शेजारच्या बाईंनी ती मिळेल त्या मातीत लावून टाकली होती. बरीचशी जगली. गुलाबांना तर डोळे इतके फुटले की गल्लीतले लोक विचारतात, काय घातलंत.

अव्वा दोन दिवस झोपून होती. तिसऱ्या दिवशी तिनं आंघोळ केली. मी फुलं काढून तबक तिच्यापुढे ठेवलं आणि बायकोला आधीच सांगून ठेवलं की आजपासून सुई पूजेनंतर द्यायची, वेळ लागला तर लागू दे, कितीही लागू दे. बायकोनं तसंच केलं. सुई कपाटातच होती. अव्वाला आता कसलीच घाई नव्हती.

मी अंगणातल्या पिंपातून पूजेचं पाणी घेऊन आलो तर ती पाटावर नव्हती. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात ताट. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, मी नको म्हटलं, त्यांनीच भाकरी मागितली.

"अव्वा, पूजा?"

"करते की मग. सावकाश."

"सुई दिली नाही अजून. तू आधी पूजा कर, कितीही वेळ बस. कुणी तुला हात लावणार नाही."

ती भाकरी कुस्करत राहिली. वर पाहिलं नाही. "एकदा मागून खाल्लंय," म्हणाली. "आता काय आडवं येतंय."

मी म्हणालो, तू मागितलं नव्हतंस. मी तुला सांगितलं ना, मागितलं नव्हतंस. बायकोला विचार.

तिनं बायकोला विचारलं नाही. "खोटं बोलू नको," म्हणाली. "गुळाची चव अजून हाय तोंडात."

मग तिनं दूध घातलं आणि ताटातली सगळी भाकरी खाल्ली. पूजा तिनं नंतर केली, नेहमीसारखी, फक्त लिंग तबकात फुलांवर न ठेवता, कापत्या हातावरच धरून. आता रोज असंच असतं. बायको सुई पुन्हा पूजेआधीच देते आणि ती झाली की अव्वा ताट मागते. काही उरवत नाही, नको म्हणत नाही. बायको एखाद्या दिवशी पेला पुढे करून मुद्दाम थांबते, ती 'ब्याड' म्हणेल म्हणून. ती पेला घेते.

परवा तिला तपासणीला घेऊन गेलो होतो. डॉक्टर कागद पाहून म्हणाले, साखर कधी नव्हे ती छान राहिली आहे, घरात असं काय बदललंत? अव्वा खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होती. मी म्हणालो, वेळेवर खाते आता.